रणगाडा बनवणाऱ्या माणसानेच गाडीतली क्लचची कटकट संपवली होती

ट्रॅफिकमध्ये डावा पाय क्लचवर ठेवून ठेवून दुखायला लागला की माणूस पुढची गाडी ऑटोमॅटिकच घ्यायची असं ठरवून टाकतो. पण आजचा क्लच म्हणजे लोणी आहे. शंभर वर्षांपूर्वी गाडीचा गिअर बदलणं ही एक कलाच होती, आणि ती सगळ्यांना जमायची नाही.

क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, एक्सलरेटर देऊन इंजिनाचा वेग अंदाजाने जुळवायचा, परत क्लच दाबायचा आणि मग पुढचा गिअर टाकायचा. जुने ट्रक ड्रायव्हर याला डबल क्लच म्हणतात. अंदाज जरा चुकला की गिअरबॉक्समधून कर्रकर्र आवाज यायचा आणि रस्त्यावरची माणसं वळून बघायची. दात्यांचा वेग आपोआप जुळवणारा सिंक्रोमेश गिअरबॉक्स अमेरिकेत कॅडिलॅकने आणला तो १९२८ मध्ये. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एका माणसाने हा प्रश्न पार वेगळ्या वाटेने सोडवला. त्याने ड्रायव्हरला क्लच आणि गिअरच्या भानगडीतूनच मोकळं केलं.

त्याचं नाव वॉल्टर गॉर्डन विल्सन. जग त्याला ओळखतं ते मात्र दुसऱ्याच कारणासाठी. पहिल्या महायुद्धात रणगाडा जन्माला घालणाऱ्या दोन प्रमुख माणसांपैकी तो एक.

विल्सनचा जन्म २१ एप्रिल १८७४ चा, आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या ब्लॅकरॉकचा. पोरगा चौदाव्या वर्षी ब्रिटिश नौदलात कॅडेट म्हणून भरती झाला. सहा वर्षांनी ती नोकरी सोडली आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये मेकॅनिकल सायन्स शिकायला गेला. १८९७ मध्ये पहिल्या वर्गात पास झाला.

केंब्रिजमध्ये त्याच्याबरोबर चार्ल्स रोल्स नावाचा एक श्रीमंत घरचा विद्यार्थी होता. हाच तो पुढे रोल्स-रॉईसमधला रोल्स. या गड्याला तेव्हापासूनच मोटारींचं वेड. त्या काळच्या गाड्या रस्त्यात कधी बंद पडतील याचा नेम नसायचा, म्हणून रोल्स बाहेर पडला की बरेचदा विल्सन त्याचा मेकॅनिक म्हणून सोबत असायचा.

पण विल्सनला तेव्हा मोटारीपेक्षा आभाळाची ओढ जास्त होती.

१८९८ पासून तो पर्सी पिल्चर या माणसाबरोबर काम करू लागला. पिल्चर ग्लायडर बनवायचा आणि स्वतःच उडवायचा. आता त्याला इंजिन लावून उडायचं होतं. राइट बंधूंचं उड्डाण व्हायला अजून पाच वर्षं बाकी होती. विल्सनने हलकं इंजिन बनवायचं काम अंगावर घेतलं. ३० सप्टेंबर १८९९ ला इंग्लंडमधल्या स्टॅनफर्ड हॉल इथे प्रात्यक्षिक ठरलं. पाहुणे येणार होते, पैसा लावू शकतील अशी माणसं येणार होती.

नेमका त्याच्या थोडं आधी इंजिनाचा शाफ्ट तुटला.

लोक तर जमलेले. त्यांना तसंच परत पाठवायला नको म्हणून पिल्चरने आपला जुना ग्लायडर काढला. हवा खराब होती. उडताना ग्लायडरची शेपटी मोडली आणि तो खाली कोसळला. दोन दिवसांनी पिल्चर गेला. त्याचं वय होतं ३२.

इंजिनाचं ते विमान आवारात तसंच उभं राहिलं. १०४ वर्षांनी, २००३ मध्ये, इंग्लंडच्या क्रॅनफिल्डमधल्या अभियंत्यांनी पिल्चरच्या आराखड्यावरून तसं विमान बांधून बघितलं. ते सव्वा मिनिटापेक्षा जास्त वेळ हवेत राहिलं. राइट बंधूंचं पहिल्या दिवसाचं सगळ्यात लांब उड्डाण ५९ सेकंदांचं होतं. म्हणजे तो शाफ्ट तुटला नसता तर काय झालं असतं, यावर आजही वाद घालता येतो.

विल्सनला मात्र या मृत्यूचा जबर धक्का बसला. विमानांचा नाद त्याने कायमचा सोडला. पुढे १९१० मध्ये त्याचा केंब्रिजचा मित्र रोल्सही विमान अपघातातच गेला.

विल्सन जमिनीवर आला तो मोटार घेऊन. गाडीच्या नावात त्याने मेलेल्या मित्राला सोबत ठेवलं. विल्सन-पिल्चर. १९०० च्या सुमारास आलेल्या या गाडीत आडवं बसवलेलं इंजिन होतं आणि एक अशी गोष्ट होती जिने त्याला आयुष्यभर सोडलं नाही. ती म्हणजे एपिसायक्लिक गिअर.

हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच उभी आहे.

साध्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलायचा म्हणजे फिरत असलेली दातेरी चाकं एकमेकांत अडकवायची किंवा सोडवायची. वेग जुळला नाही तर दात घासणारच. एपिसायक्लिकमध्ये दाते कायम एकमेकांत अडकलेले असतात. मध्ये एक चाक, त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं म्हणजे ग्रह. आणि सगळ्यांच्या बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेली एक मोठी रिंग. रिंग मोकळी सोडली तर ती नुसतीच फिरते आणि ताकद पुढे जात नाही. तीच रिंग बाहेरून ब्रेकच्या पट्ट्याने घट्ट धरली की ग्रहांना सूर्याभोवती फिरावंच लागतं आणि चाकांना ताकद मिळते. म्हणजे गिअर बदलायचा तर एक पट्टा सोडायचा आणि दुसरा आवळायचा. दात घासायचा प्रश्नच नाही.

ही कल्पना एकट्या विल्सनची नव्हती. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर आपल्या गाड्यांत असेच गिअर वापरत होता आणि हेन्री फोर्डने १९०८ च्या मॉडेल टी मध्येही तेच घातले. पण त्यांच्या पुढे जाऊन या गिअरचं काय काय करता येईल याचा पिच्छा विल्सनने पुरवला, तेवढा क्वचितच कुणी पुरवला असेल.

१९०४ मध्ये त्याचं लग्न झालं आणि तो आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ या बड्या कंपनीत गेला. गाडीचं कामही तिकडेच गेलं. पुढे डार्टफर्डच्या एका कंपनीसाठी त्याने हॉलफर्ड नावाचा ट्रक बनवला. हे ट्रक महायुद्धात सैन्याच्या कामाला आले. १९१४ ला युद्ध पेटल्यावर चाळिशीतला विल्सन परत नौदलात दाखल झाला आणि चिलखती गाड्यांच्या तुकडीत गेला.

फ्रान्समध्ये तेव्हा दोन्ही बाजूंचे सैनिक खंदकात रुतून बसले होते. समोर काटेरी तारा आणि मशीनगन. यातून पुढे जाणारं यंत्र हवं होतं. लिंकन शहरात विल्यम फॉस्टर ही शेतीची यंत्रं बनवणारी कंपनी होती आणि तिचा कारभार विल्यम ट्रिटन बघायचा. ट्रिटन आणि विल्सन १९१५ मध्ये लिंकनच्या व्हाइट हार्ट हॉटेलातल्या एका खोलीत आराखडे मांडून बसले. पहिलं यंत्र, लिटल विली, रुंद खंदक ओलांडायला कमी पडत होतं. मग ट्रॅक म्हणजे ते साखळीपट्टे थेट यंत्राच्या अंगावरून, वरून खालून गोल फिरवायची कल्पना विल्सनने लढवली. त्यातूनच पहिल्या महायुद्धाच्या फोटोत दिसणारा तो तिरका, चौकटच्या आकाराचा रणगाडा आला.

१५ सप्टेंबर १९१६ ला फ्लेर-कूर्सलेट इथे रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरले.

आता गंमत बघा. गंमत म्हणायची ती आज, तेव्हा आत बसलेल्यांचे हाल होते. मार्क वन रणगाड्यात आठ माणसं असायची आणि त्यातली चार नुसता रणगाडा चालवण्यात गुंतलेली. एक ड्रायव्हर, त्याच्या शेजारी ब्रेक सांभाळणारा कमांडर, आणि मागे दोन गिअरमन, उजव्या ट्रॅकला एक आणि डाव्या ट्रॅकला एक. वळायचं असलं की रणगाडा थांबवायचा, मागच्या गिअरमनला खूण करायची, त्याने एका ट्रॅकचा गिअर काढायचा, मग दुसरा ट्रॅक फिरवून वळायचं आणि परत सगळं जागेवर आणायचं. आत इंजिनाचा एवढा आवाज की बोललेलं ऐकू यायचं नाही. इंजिनाच्या झाकणावर काहीतरी आपटून लक्ष वेधायचं आणि हाताने खुणा करायच्या. उष्णता पन्नास अंशांच्या आसपास, वर धुराने गुदमरणं वेगळंच.

आणि वळण्यासाठी थांबलेला रणगाडा म्हणजे शत्रूच्या तोफेला आयतं निशाण. गिअरबॉक्स वाईट असेल तर माणसं मरतात हे इथे अगदी शब्दशः खरं होतं.

मार्च १९१७ मध्ये ओल्डबरी इथे यावर इलाज शोधायला चाचणी भरवली गेली. वेगवेगळ्या पद्धतीचे गिअर लावलेले रणगाडे एकाच मैदानात आणले. कुणी पेट्रोल इंजिनावर वीज तयार करून मोटारीने ट्रॅक फिरवत होतं, कुणी तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा आणली होती. विल्सनने आणले होते त्याचे जुने एपिसायक्लिक गिअर आणि ब्रेकचे पट्टे. बाकीच्यांच्या मानाने साधी गोष्ट. निवड झाली ती विल्सनचीच.

या गिअरचा मार्क फाइव्ह रणगाडा १९१८ मध्ये मैदानात आला. चार माणसांचं काम आता एकटा ड्रायव्हर करू लागला. ८ ऑगस्ट १९१८ ला आमियांच्या लढाईत हेच रणगाडे मोठ्या संख्येने पुढे होते.

युद्ध संपल्यावर रणगाडा आपणच शोधला असं सांगणाऱ्यांची रांग लागली. सरकारने शोधकांना बक्षीस ठरवण्यासाठी आयोग नेमला. १९१९ मध्ये त्या आयोगाने मुख्य श्रेय ट्रिटन आणि विल्सनला दिलं, आणि दोघांत मिळून १५,००० पौंड.

इथे थांबला असता तरी विल्सनचं नाव इतिहासात राहिलं असतं. पण त्याच्या डोक्यातून गिअर गेलेला नव्हता. रणगाड्यातल्या गिअरमनची सुटका झाली, पण रस्त्यावरचा साधा ड्रायव्हर अजून डबल क्लच मारतच होता.

१९२० च्या दशकात त्याने प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स तयार केला. नावातच सगळं आहे, गिअर आधी निवडून ठेवायचा. स्टिअरिंगजवळ एक छोटा दांडा असतो आणि त्यावर एक ते चार आकडे. गाडी चौथ्यात चाललीय आणि पुढे वळण दिसतंय. ड्रायव्हर बोटाने दांडा दुसऱ्यावर सरकवतो. काहीच होत नाही, गाडी चौथ्यातच राहते. मग वळण आलं की डाव्या पायाखालचं पेडल तळापर्यंत दाबून सोडायचं. चौथ्याची पकड सुटते, दुसऱ्याचा पट्टा आवळतो, काम झालं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर, आणि वेग जुळवायची भानगड नाही. पट्टे झिजले की त्यांची पकड आपोआप ताणून घ्यायची सोयही विल्सनने आतच केली होती.

या शोधावर आर्मस्ट्राँग सिडलीचे मालक जॉन सिडली खूश झाले. दोघांनी मिळून गिअरबॉक्ससाठी वेगळी कंपनी काढली. तिचं नाव पुढे सेल्फ-चेंजिंग गिअर्स झालं. १९२० चं दशक संपता संपता आर्मस्ट्राँग सिडलीच्या गाड्यांत हे बॉक्स यायला लागले.

एक अडचण उरली होती. गाडी जागेवरून हलवताना कुठेतरी घसरण लागते, नाहीतर झटका बसून इंजिन बंद पडतं. त्यावर १९३० मध्ये डेमलर कंपनीने तोड काढली. विल्सनच्या बॉक्सपुढे त्यांनी फ्लुइड फ्लायव्हील बसवलं. चालू टेबल फॅनसमोर बंद फॅन ठेवला तर त्याचीही पाती हळूहळू फिरायला लागतात, तसंच हे. फक्त हवेच्या जागी तेल. इंजिन हळू असलं की तेल नुसतं घुसळतं आणि गाडी उभी राहते, एक्सलरेटर दिला की अलगद पुढे सरकते. क्लच गेला. योगायोग असा की मार्क वन रणगाड्यातलं इंजिनही डेमलरचंच होतं.

ही आरामाची सोय म्हाताऱ्या श्रीमंतांसाठी आहे असं वाटणं साहजिक होतं. पण ती पटकन उचलली कुणी? रेसवाल्यांनी.

१९३३ च्या शेवटी रेमंड मेज, पीटर बर्थन आणि पैसा लावणारे हम्फ्री कुक यांनी ई.आर.ए. म्हणजे इंग्लिश रेसिंग ऑटोमोबाइल्स सुरू केली. वर्कशॉप मेजच्या घराजवळ बोर्न गावात होतं. रणगाडा जिथे जन्मला त्याच लिंकनशायर परगण्यात. दीड लिटरचं रायलीचं सहा सिलिंडर इंजिन घेऊन, त्याला सुपरचार्जर लावून त्यांना रेसची गाडी बांधायची होती. प्रश्न आला गिअरबॉक्स कोणता घ्यायचा.

विल्सनच्या बॉक्सविरुद्ध मुद्दे कमी नव्हते. तो वजनदार होता आणि रेसच्या गाडीत प्रत्येक किलो मोजला जातो. मोकळे सोडलेले पट्टे आणि फिरणाऱ्या रिंगा थोडी ताकद खातात, म्हणजे इंजिनाची सगळी मेहनत चाकांपर्यंत पोचत नाही. पण त्याचा फायदा असा होता की हिशोबच फिरायचा. गिअर बदलताना वेळ जवळपास जात नाही. वळणावर हात स्टिअरिंगवरून काढावा लागत नाही. आणि शंभर वेळा बदलला तरी एकदाही चुकत नाही. दमलेल्या ड्रायव्हरचा चुकलेला गिअर इंजिन फोडू शकतो, हे कुठल्याही रेसवाल्याला माहीत असतं.

ई.आर.ए. ने विल्सनचा बॉक्स घेतला. वजन वाचवायला फ्लुइड फ्लायव्हील लावलंच नाही, वेगळा क्लचही नाही. सुटताना पहिल्या गिअरचा पट्टाच पेडलने घसरवायचा, तोच क्लच. १९३५ मध्ये मेजने शेल्सली वॉल्शचा प्रसिद्ध चढ या गाडीने ४० सेकंदांच्या आत पार केला. तोवर ते कुणालाच जमलं नव्हतं. सयामचा राजपुत्र बिरा याने याच गाड्यांवर युरोपात नाव कमावलं.

त्याआधी १९३३ मध्ये एमजी के-थ्री गाडीने प्रीसिलेक्टरवर मिले मिलिया रेसमध्ये आपला वर्ग जिंकला होता. त्याच वर्षी इटलीच्या ताझिओ नुव्होलारीने ही गाडी हातात घेतली आणि उत्तर आयर्लंडमधली टूरिस्ट ट्रॉफी जिंकली. तोवर अशा गिअरची त्याला सवयही नव्हती.

या बॉक्सचा एक खोडसाळपणा मात्र सगळे जुने ड्रायव्हर सांगतात. पेडल अर्धवट दाबलं तर आतली जोरदार स्प्रिंग ते असं उलटं फेकते की नडगी सुजते. दाबायचं तर तळापर्यंत, भीतभीत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हे गिअर परत चिलखतात गेले. मटिल्डा रणगाडा आणि डेमलरची छोटी डिंगो गाडी, दोन्हींत विल्सनची पद्धत होती. डिंगोला पुढे जायला पाच गिअर आणि मागे पळायलाही तेवढेच, कारण शत्रू दिसला की वळत बसायला वेळ नसतो. लंडनच्या लाल आरटी डबलडेकर बसमध्येही प्रीसिलेक्टरच होता, फक्त पट्टे आवळायचं काम हवेच्या दाबाकडे दिलेलं.

मग हा बॉक्स आज नव्या गाड्यांत का दिसत नाही?

कारण अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रा-मॅटिक आला. आत तेच तेलाचं कपलिंग, तेच एपिसायक्लिक गिअर, तेच पट्टे. पण कुठला गिअर हवा हे तेलाचा दाबच ठरवायचा. विल्सनच्या बॉक्समध्ये ठरवायचा माणूस आणि करायचं यंत्र. अमेरिकनांनी ठरवणंही यंत्राकडे दिलं. १९५० च्या दशकात रोल्स-रॉईसनेही परवाना घेऊन हायड्रा-मॅटिकच वापरला, आणि अमेरिकेतले हौशी लोक तोच बॉक्स ड्रॅग रेसच्या गाड्यांत बसवू लागले.

आजही कुणी १९३० च्या दशकातली ब्रिटिश गाडी नव्याने बांधायला काढली आणि क्लच नको म्हटलं, की त्याच्यापुढे या दोनच वाटा येतात. आधुनिक ऑटोमॅटिक बसवायचा तर तेल थंड करायला कूलर लागतो, बॉक्स रुंद असल्याने गाडीचा तळ कापावा लागू शकतो, आणि एकदा कापलेली जुनी गाडी परत जुनी होत नाही. विल्सनचा बॉक्स त्याच काळातला असल्याने शोभतो. पण ते वेगवेगळ्या ताकदीचे यायचे, त्यामुळे आपल्या इंजिनाचा जोर त्याला झेपतो का हे आधी बघावं लागतं. गाडी वळणावळणाच्या रस्त्यावर मजेसाठी चालवायची असेल तर विल्सनचा बॉक्स बाजी मारतो. रोज गर्दीत न्यायची असेल तर नाही.

कमी पैशात गाडी बांधणाऱ्यांना तो किती कामाचा होता याचा सगळ्यात मोठा पुरावा १९५५ चा आहे. सरे परगण्यातल्या सेंड गावात कॉनॉट नावाचं छोटं रेसिंग वर्कशॉप होतं. नवा गिअरबॉक्स घडवण्याइतका पैसा नव्हता म्हणून ते आर्मस्ट्राँग सिडलीचा प्रीसिलेक्टर वापरत होते. ऑक्टोबरमध्ये ते सिसिलीतल्या सिराक्यूज ग्रांप्रीला गेले. ड्रायव्हर होता टोनी ब्रुक्स, २३ वर्षांचा, दातांचा डॉक्टर होण्याचं शिक्षण घेणारा. ही त्याची पहिलीच ग्रांप्री. समोर इटलीच्या मासेराटी, त्यांच्याच अंगणात. ब्रुक्सने त्यांना हरवलं. ब्रिटिश गाडीत बसून ब्रिटिश ड्रायव्हरने ग्रांप्री जिंकायला तीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

विल्सन तेव्हा ८१ वर्षांचा होता. १९५७ च्या उन्हाळ्यात हॅम्पशायरमध्ये तो वारला. त्याच वर्षी पैसे संपल्याने कॉनॉटनेही रेसिंग बंद केलं. त्याच्या कंपनीचे एपिसायक्लिक गिअरबॉक्स मात्र ब्रिटिश रेल्वेच्या डिझेल गाड्यांत पुढे कितीतरी वर्षं चालत राहिले. ई.आर.ए. च्या त्या सुरुवातीच्या गाड्या बनल्या होत्या विसापेक्षाही कमी, पण त्यातल्या बहुतेक अजून शाबूत आहेत आणि जुन्या गाड्यांच्या शर्यतीत आजही त्याच पेडलवर पळतात.